वसई-विरार दहा वर्षांत किती वाढलं? एका आकड्याची उलटतपासणी

पडद्यावर दोनच आकडे होते. २००१ : ४.७० लाख. २०११ : १२.२२ लाख. मध्ये वर चढत जाणारा जाड लाल बाण आणि त्याच्या टोकाशी लिहिलेलं, '१६० टक्के वाढ'. सादरीकरण करणारा सल्लागार तरुण होता, तयारीने आला होता. पुढच्या पडद्यावर त्याने तोच वेग आणखी दहा वर्षं पुढे नेला होता. त्या हिशेबाने २०२१ पर्यंत वसई-विरारची लोकसंख्या पावणेबत्तीस लाखांवर पोचायला हवी होती. मग त्या पावणेबत्तीस लाखांना लागणारं पाणी, त्यांच्या गाड्यांसाठी रस्त्यांची रुंदी, त्यांच्या कचऱ्यासाठी जागा. आणि ही सगळी जागा कुठून येणार, तर नकाशावर हिरव्या रंगात दाखवलेल्या पश्चिमेच्या पट्ट्यातून.

त्या हिरव्या पट्ट्यात माझं गाव आहे. वसई स्टेशनच्या पश्चिमेला, समुद्राकडे तोंड करून. केळी, पानवेली, फुलझाडं, आणि दर दोन-चार वाड्यांमागे एक बावखल. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते: बावखल म्हणजे आमच्या पूर्वजांनी खणलेलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं आणि खाऱ्या पाण्याला आत शिरू देत नाही. समुद्र इतका जवळ असूनही आमच्या विहिरी गोड राहिल्या, त्यात बावखलांचा मोठा वाटा आहे.

मी भूगोलाची शिक्षिका. २००१ आणि २०११, दोन्ही जनगणनांत प्रगणक म्हणून मी याच भागात घरोघर फिरले. त्यामुळे तो लाल बाण पाहून माझ्या मनात पहिला विचार आला तो असा : ४.७० लाखांत माझं गाव नव्हतं. १२.२२ लाखांत ते आहे. मग बाणाचा काही भाग माझ्या गावानेच बनलेला आहे, आणि माझं गाव तर जागचं हललेलंही नाही.

त्या सभेत मी हात वर केला, पण वेळ संपली होती. घरी येऊन वही काढली. पुढे जे लिहिते आहे ते त्या वहीतलं आहे.

एकच दार, दोन फॉर्म

फेब्रुवारी २००१. फॉर्मच्या डोक्यावर भरायचे रकाने ठरलेले : राज्य, जिल्हा, तालुका, गाव किंवा नगर. मी प्रत्येक घरी तीच अक्षरं लिहीत गेले. महाराष्ट्र, ठाणे, वसई, आणि पुढे गावाचं नाव. एका घरी ओट्यावर बसलेले आजोबा पानवेलीची पानं चवडीत लावत होते. त्यांनी कुटुंबातली नावं सांगितली, वयं अंदाजाने सांगितली, आणि धंदा विचारल्यावर हातातलं पान उचलून दाखवलं.

फेब्रुवारी २०११. तोच ओटा. आजोबा थकलेले, पानं आता सून लावत होती. मुलगा सकाळची लोकल पकडून चर्चगेटला जाणारा. घरात एक सून वाढली होती, दोन नातवंडं झाली होती, मागच्या बाजूला एक खोली चढली होती. एवढाच दहा वर्षांचा फरक. फॉर्मच्या डोक्यावर मात्र सगळं बदललं होतं. गावाच्या नावाची जागा महापालिकेच्या नावाने घेतली होती, पुढे वॉर्ड क्रमांक. आजोबांनी चष्मा लावून ते वाचलं आणि विचारलं, "बाय, गाव कुठं लिवलं?"

गावाचं नाव मी नजरी नकाशावर, म्हणजे प्रगणकाने हाताने काढायच्या कच्च्या नकाशावर, लिहिलं. बावखलाच्या चौकोनाशेजारी. फॉर्ममध्ये त्याला जागा नव्हती.

जनगणनेच्या भाषेत त्या घरातली माणसं २००१ मध्ये 'ग्रामीण' होती आणि २०११ मध्ये 'नागरी' झाली. ती कुठे राहायला गेली नाहीत. शेती सोडली नाही. रेषा त्यांच्या डोक्यावरून सरकली.

रेषा कधी सरकली

३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. वसई, नालासोपारा, विरार आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका आणि त्यांच्याभोवतीची ५३ गावं तिच्यात घेतली गेली. गावांतून मोठा विरोध झाला, मोर्चे निघाले. ग्रामसभा जाईल, घरपट्टी वाढेल, शेतजमिनीवर आरक्षणं पडतील ही भीती होती. तिच्यामागे आधीचा अनुभव होता. १९९० मध्ये सिडको या नवी शहरं वसवणाऱ्या सरकारी महामंडळाला या भागाचं नियोजन प्राधिकरण नेमलं गेलं, त्याच्या आसपासच 'हरित वसई'चं आंदोलन फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली उभं राहिलं होतं. माझ्या पिढीने नियोजन हा शब्द पहिल्यांदा ऐकला तो वर्गात नाही, मोर्चात.

आकड्यांसाठी महत्त्वाची आहे ती दुसरी एक तारीख. जनगणनेच्या आधी सगळ्या प्रशासकीय हद्दी गोठवल्या जातात. मोजणी चालू असताना एखादं गाव या तालुक्यातून त्या तालुक्यात गेलं तर सगळा ताळमेळ बिघडेल, म्हणून. २०११ च्या जनगणनेसाठी ही गोठवणूक ३१ डिसेंबर २००९ ला झाली. महापालिकेच्या जन्मानंतर सहा महिन्यांच्या आत. पालिका आणखी सहा महिने उशिरा झाली असती तर त्याच माणसांची, त्याच दारांवर झालेली मोजणी चार नगरपालिका आणि ५३ गावं अशी वेगवेगळी छापली गेली असती, आणि तो लाल बाण तयारच झाला नसता.

सरकारने पुढे, २०११ मध्ये, ५३ पैकी २९ गावं पालिकेतून वगळायचं ठरवलं. तोवर मोजणी होऊन गेली होती. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, वर्षानुवर्षं पडून राहिलं, आणि २०२४ मध्ये वगळण्याचा निर्णयच सरकारने मागे घेतला. या सगळ्या काळात आमची २९ गावं कागदावर एकदा आत, एकदा बाहेर, एकदा अधांतरी अशी राहिली. निवडणूक आली की प्रश्न, घरपट्टीची पावती आली की प्रश्न.

उलटतपासणी

आता मूळ प्रश्न. २००१ ते २०११ या दहा वर्षांत इथे माणसं किती वाढली?

४.७० लाख हा आकडा कुठून आला, ते आधी पाहू. २००१ मध्ये नालासोपारा सुमारे १.८५ लाख, विरार १.१९ लाख, नवघर-माणिकपूर १.१७ लाख आणि वसई नगरपालिका ४९ हजारांच्या आसपास. बेरीज ४.७० लाख. म्हणजे फक्त चार नगरपालिका. १२.२२ लाख (नेमका आकडा १२,२२,३९०) म्हणजे त्याच चार नगरपालिका अधिक ५३ गावं. एका बाजूला चार भांडी, दुसऱ्या बाजूला सत्तावन्न. पाणी वाढलं की भांडी वाढली, हे या वजाबाकीतून कधीच कळणार नाही.

सरळ उपाय असा दिसतो की २००१ च्या गावयादीतून ५३ गावांचे आकडे शोधायचे आणि ४.७० लाखांत मिळवायचे. मी बसले होते करायला. पण त्यात अडचणी आहेत. गाव पालिकेत गेलं की पुढच्या जनगणनेच्या गावयादीतून त्याची ओळ नाहीशी होते. त्याचे लोक वॉर्डांत वाटले जातात आणि वॉर्डाची रेषा गावाच्या शिवेवरून जातेच असं नाही. शिवाय तालुक्यातली काही मोठी गावं २००१ मध्येच 'जनगणना नगर' म्हणून गावयादीतून बाहेर पडलेली होती. ग्रामपंचायतच असलेली, पण लोकसंख्या ५,००० च्या वर, घनता चौरस किलोमीटरला किमान ४००, आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर, अशा ठिकाणांना जनगणना नगर समजते. ग्रामपंचायतीच्या दप्तरात ते गावच असतं. म्हणजे एकाच ठिकाणाला दोन कचेऱ्यांत दोन नावं.

म्हणून मी दुसरी वाट धरली. हद्द न हललेलं भांडं शोधायचं. ते होतं तालुका. २००१ ते २०११ या काळात वसई तालुक्याची हद्द होती तिथेच राहिली. गाव ग्रामपंचायतीत असो, नगरपालिकेत असो की महापालिकेत, तालुक्याच्या बेरजेत ते दोन्ही वेळी आहेच.

वसई तालुका २००१ मध्ये सुमारे ७.९६ लाख. २०११ मध्ये १३.४३ लाख. वाढ ६९ टक्के.

एकशे साठच्या जागी एकोणसत्तर. इथे मी पेन खाली ठेवला आणि चहा करून आणला, कारण दोन्ही आकडे जनगणनेचेच होते आणि दोन्ही वजाबाक्या बरोबर होत्या.

पण सल्लागाराची बाजूही ऐकायला हवी. तो म्हणेल, तालुक्यात पालिकेबाहेरची गावंही आली, पूर्वेची डोंगराकडची आली. तिथे वाढ कमी, म्हणून तुमची सरासरी खाली आली. मुद्दा रास्त आहे. तर मग पालिकेच्या आजच्या हद्दीपुरती वाढ किती असू शकेल, त्याच्या दोन कडा बांधून पाहू.

२०११ मध्ये तालुक्यात १३.४३ लाख आणि पालिकेत १२.२२ लाख, म्हणजे पालिकेबाहेर १.२१ लाख माणसं. हीच गावं २००१ मध्ये किती मोठी असतील? ती दहा वर्षांत आकसली असं मानायला काही कारण नाही. म्हणून जास्तीत जास्त १.२१ लाखच धरू, म्हणजे बाहेर वाढ अजिबात झाली नाही असं समजू. मग २००१ मध्ये आजच्या पालिकेच्या हद्दीत किमान ६.७५ लाख माणसं राहत होती. तिथून १२.२२ लाख म्हणजे ८१ टक्के वाढ. ही वरची कडा. आणि बाहेरची गावं पालिकेइतक्याच वेगाने वाढली असं धरलं तर पालिकेची वाढ ६९ टक्के. ही खालची कडा. खरा आकडा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे. एकशे साठ कुठल्याच हिशेबात बसत नाही.

सत्तर-ऐंशी टक्के ही छोटी वाढ नव्हे, हे आवर्जून सांगायला हवं. दहा वर्षांत पावणेदोनपट होणं म्हणजे शाळांच्या वर्गांत साठ-सत्तर मुलं, सकाळी विरार लोकलच्या दारात लटकलेली माणसं, टँकरच्या रांगा. हे सगळं मी पाहिलेलं आहे. नालासोपारा पूर्वेच्या चाळींत २०११ ला ज्या माझ्या सहकारी शिक्षकांना मोजणीचे गट मिळाले होते, त्यांना ठरलेल्या दिवसांत काम आटपेना. नकाशावर एक चाळ दाखवलेली तिथे तीन उभ्या. वाढ खरी आहे. ती कुठे झाली, हा प्रश्न आहे. ती रेल्वेच्या पूर्वेला आणि स्टेशनांभोवती झाली. पश्चिमेच्या वाड्यांनी तिच्यात भर घातली ती मुख्यतः कागदावर, आणि जागा मात्र त्यांच्याकडेच मागितली जाते.

फरक किती मोठा पडतो, तेही मोजलं. १६० टक्क्यांनी २०२१ चा अंदाज ३१.८ लाख. ८१ टक्क्यांची वरची कडा धरली तरी २२.१ लाख. मधली ९.७ लाख माणसं फक्त त्या वजाबाकीतून जन्मलेली आहेत. शहराच्या पाणीपुरवठ्याचा प्रचलित निकष माणशी रोज १३५ लिटर. म्हणजे कधी नसलेल्या माणसांसाठी रोज १३ कोटी लिटर पाणी. ते कुठल्या तरी धरणातून, कुठल्या तरी आदिवासी पाड्याच्या शेजारून, कुणाच्या तरी शेताचा वाटा घेऊन आणायचं.

आणि ८१ टक्केही पुढच्या दशकाला तसेच्या तसे लावू नयेत. पावणेसात लाखांच्या वस्तीने दुप्पट होणं आणि बारा लाखांच्या शहराने दुप्पट होणं यांत फरक आहे. जमीन, पाणी आणि लोकलच्या फेऱ्या तितक्या वेगाने दुप्पट होत नाहीत.

गावं बाहेर गेली की शहर थांबतं

हीच चूक उलट्या दिशेनेही होते. कल्याण-डोंबिवली महापालिका २००१ मध्ये ११,९३,५१२. २०११ मध्ये १२,४७,३२७. दहा वर्षांत साडेचार टक्के. डोंबिवलीच्या फलाटावर सकाळी आठ वाजता कधी उभं राहिलेला माणूस या आकड्यावर विश्वास ठेवणार नाही. झालं असं की १९८३ मध्ये पालिकेत आलेली २७ गावं २००२ मध्ये वगळण्यात आली. २००१ च्या आकड्यात ती आहेत, २०११ च्या नाहीत. २०१५ मध्ये ती परत घेतली. २०२० मध्ये त्यांतली १८ पुन्हा बाहेर काढून वेगळी नगरपरिषद करायचं ठरलं आणि त्याच वर्षाच्या शेवटी उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. पुढच्या जनगणनेत ही गावं आत मोजली जातील तेव्हा कल्याण-डोंबिवली अचानक फुगलेली दिसेल. तेव्हा पुन्हा कुणीतरी लाल बाण काढेल.

मुंबईचंही असंच आहे. बेटावरच्या मूळ शहरात १९५० मध्ये जोगेश्वरी-भांडुपपर्यंतची उपनगरं आली आणि १९५७ मध्ये हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत गेली. त्यानंतर पालिकेची वेस फारशी हलली नाही. पण जनगणना आणखी एक वेस आखते, नागरी समूहाची : मुख्य शहर आणि त्याला सलग चिकटलेली नगरं. १९८१ मध्ये बृहन्मुंबईचा आकडा ८२.४३ लाख होता, तो फक्त पालिकेचा. १९९१ मध्ये नागरी समूहात ठाणे, कल्याण, उल्हासनगर, नवी मुंबई, मीरा-भाईंदर हे सगळं धरलं गेलं आणि आकडा १.२६ कोटी झाला. दोन्ही ओळी एकाखाली एक छापल्या की वाढ ५३ टक्के दिसते. पालिकेला पालिकेशी ताडून पाहिलं तर ८२.४३ वरून ९९.२६ लाख, म्हणजे २० टक्के. ठाण्या-कल्याणची माणसं १९८१ मध्येही तिथेच राहत होती आणि कामाला मुंबईतच येत होती.

विरारचा माणूस मुंबईकर आहे का

इथे एक गोष्ट मला मनापासून खटकते. २०११ च्या बृहन्मुंबई नागरी समूहात आठ शहरं आहेत : मुंबई, ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई, मीरा-भाईंदर, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. बेरीज १,८३,९४,९१२. वसई-विरार त्यात नाही. भिवंडी नाही, पनवेल नाही.

बदलापूर आत, विरार बाहेर. विरारहून मुंबईला लोकल १८६७ पासून धावते. विजेची गाडी १९३६ पासून. तरी नागरी समूहाची व्याख्या गाडीत बसलेल्या माणसाला विचारत नाही. ती बघते की वस्ती सलग आहे का. भाईंदर आणि नायगाव यांच्या मध्ये खाडी आहे, मीठागरं आहेत. तिथे सलगपणा तुटतो असं धरलं गेलं.

गंमत नव्हे, दुःखाची गोष्ट अशी की कामाच्या ठिकाणाचं अंतर आणि प्रवासाचं साधन हे प्रश्न मी दोन्ही जनगणनांत घरोघर विचारले होते. आजोबांच्या मुलाचं उत्तर मी स्वतः भरलं : रेल्वे, पन्नास किलोमीटरच्या वर. ही माहिती गोळा होते, तक्त्यांत छापली जाते, पण शहराची हद्द आखताना वापरली जात नाही. अमेरिकेत महानगराची हद्द याच माहितीवर ठरते : एखाद्या काउंटीतले (आपल्या जिल्ह्यासारख्या भागातले) किमान एक चतुर्थांश नोकरदार मध्यवर्ती भागात कामाला जात असतील तर ती काउंटी महानगरात धरतात. आपल्याकडे हा निकष लावला तर वसई-विरार केव्हाच आत आलं असतं, आणि कदाचित पालघर-डहाणूचा विचारही करावा लागला असता. २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल जाते आहे.

मुंबईची तिसरी हद्द एमएमआरडीएची, म्हणजे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची : मुंबई महानगर प्रदेश. ती मोजणीसाठी नसून नियोजनासाठी आहे. तिच्यात वसई आधीपासून होती. २०१९ मध्ये तो प्रदेश आणखी वाढवून पालघर, अलिबाग, पेण, खालापूरचे उरलेले भाग आत घेतले गेले. सुमारे ४,३५५ चौरस किलोमीटरचा प्रदेश ६,३२८ वर गेला. अलिबागची नारळ-सुपारीची वाडी एका अधिसूचनेने महानगरात आली. तिथल्या माझ्या मावसबहिणीने फोनवर विचारलं होतं, "म्हणजे आता आम्ही पण मुंबई का गं?" पालिकेच्या हद्दीत नाही, नागरी समूहात नाही, महानगर प्रदेशात हो. तीन प्रश्नांची तीन उत्तरं.

वसईपुरता याचा परिणाम बघा. २००१ चा नागरी समूह १.६४ कोटी, २०११ चा १.८४ कोटी. मुंबई महानगर दशकात १२ टक्क्यांनी वाढलं, असं जगभर छापलं गेलं. समजा २०११ मध्येच वसई-विरार पालिका या समूहात घातली असती, तर बेरीज १.९६ कोटी झाली असती आणि वाढ १९ टक्के दिसली असती. दोन्ही वर्षांत, दोन्ही बाजूंना, अख्खा वसई तालुका मिळवला तर १.७२ कोटींवरून १.९७ कोटी, म्हणजे साडेचौदा टक्के. बारा, साडेचौदा, एकोणीस. माणसं तीच. पहिल्या उत्तराने मुंबई थंडावल्याचे लेख लिहिले गेले, आणि त्याच वेळी नालासोपाऱ्यात पाय ठेवायला जागा नव्हती.

कुठून आली ही माणसं

शेवटचं राहण्याचं ठिकाण, हा फॉर्ममधला माझा आवडता प्रश्न. सहकाऱ्यांच्या गटांतली उत्तरं आम्ही संध्याकाळी शाळेत बसून एकमेकांना सांगत असू. लालबाग, परळ, गिरगाव. चाळ पाडली, खोलीचे पैसे आले, तेवढ्यात विरारला वन-रूम-किचन. आणि त्याच मजल्यावर शेजारी संगमेश्वर, राजापूर, देवगड, मालवण.

या उत्तरांना जिल्ह्यांच्या आकड्यांची जोड मिळते. २००१ ते २०११ मध्ये मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३,३८,०३१ वरून ३०,८५,४११ वर उतरली. रत्नागिरी जिल्ह्याची १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९. सिंधुदुर्गाची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१. या तिन्ही जिल्ह्यांच्या हद्दी त्या काळात तशाच राहिल्या, म्हणून ही घट खरी आहे. इथे भांडं बदललेलं नाही. त्याच काळात ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. कोकण किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला घरांना कुलपं लागली आणि उत्तर टोकाला चाळींवर मजले चढले. गणपतीत नालासोपारा ओस पडतं, तेव्हा हा तक्ता रस्त्यावर दिसतो.

रत्नागिरीत २०११ ला हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. बाकीचे पुरुष कुठे मोजले गेले, ते आम्हाला माहीत आहे. आम्हीच मोजले.

वहीची पानं

आता पुढची मोजणी २०२७ मध्ये आहे, १ मार्च २०२७ हा संदर्भदिवस. मधे सोळा वर्षं गेली. हद्दी ३१ डिसेंबर २०२५ ला गोठल्या. या सोळा वर्षांत आमच्याभोवतीच्या रेषा इतक्या हलल्या आहेत की नुसत्या जुन्या-नव्या आकड्यांची वजाबाकी कुणी करू नये. १ ऑगस्ट २०१४ ला ठाणे जिल्हा विभागून पालघर झाला आणि वसई तालुका पालघरमध्ये गेला. २०११ च्या पुस्तकात ठाणे १,१०,६०,१४८ आहे. आजच्या हद्दीत ते ८०,७०,०३२ ठाणे आणि २९,९०,११६ पालघर असे वाटले जातात. ही दुरुस्ती न करता कुणी २०२७ चा ठाण्याचा आकडा जुन्या ओळीखाली मांडला तर सोळा वर्षं भरभरून वाढलेला जिल्हा खुरटलेला दिसेल. रायगडात २०१६ मध्ये पनवेलची महापालिका झाली, २९ गावं घेऊन. २०११ मध्ये १,८०,०२० असलेलं पनवेल शहर आणि २०२७ चं पनवेल ही दोन वेगळी भांडी आहेत.

म्हणून मी एक काम हाती घेतलंय. जुन्या जिल्हा जनगणना पुस्तिकांतून आमच्या ५३ गावांची २००१ पर्यंतची ओळ न् ओळ उतरवून काढायची. जिथे गाव जनगणना नगर झालं होतं तिथे ते नगरांच्या यादीतून शोधायचं. प्रत्येक आकड्याच्या शेजारी त्या दिवशी ते गाव कुठल्या हद्दीत होतं ते लिहायचं. २९ गावांना वेगळी पानं दिली आहेत. माझे दोन माजी विद्यार्थी मदतीला येतात. एकाला संगणकावर नकाशे करता येतात, त्याने गावांच्या जुन्या शिवा आणि आजचे वॉर्ड एकमेकांवर ठेवून दाखवले. एका वॉर्डात तीन गावांचे तुकडे आहेत. आमच्या गावाचे दोन वॉर्डांत दोन तुकडे.

त्या सल्लागाराला मी पत्र लिहिलं होतं, हिशेबासकट. त्याचा फोन आला. त्याने सांगितलं की चार नगरपालिकांची बेरीज त्याला तयार मिळाली होती आणि ५३ गावांबद्दल कुणी काही बोललं नव्हतं. त्याने तालुक्याचे आकडे मागून घेतले. पुढच्या सादरीकरणात त्याने काय केलं ते मी पाहिलेलं नाही.

ओट्यावरचे आजोबा आता नाहीत. त्यांची नात शिक्षिका झाली, आमच्याच शाळेत. प्रगणकांच्या यादीत तिचं नाव येईल असा रंग आहे. परवा वही चाळताना तिला २०११ च्या नजरी नकाशाची माझी कच्ची प्रत सापडली. बावखलाच्या चौकोनावर बोट ठेवून तिने विचारलं, "बाई, हे आमच्या मागचं ना?" तेच. तिने मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून घेतला आणि पुढच्या कोऱ्या पानावर २०२७ चा रकाना आखला.